न भरणारा खड्डा

फार वर्षांपूर्वी, हिरवड शहराच्या वेशीला अजून दार होतं, तेव्हाची ही गोष्ट. सगळं शहर तीन विहिरींवर जगायचं आणि त्या तिन्ही गोंदबा पाणाड्याने दाखवलेल्या. तो जमिनीला कान लावायचा आणि खालून पाणी कुठे चाललंय ते त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका वर्षी वेशीजवळच्या विहिरीचं पाणी बिघडलं. दिसायला निवळशंख, पण घोट घेतला की तोंडात लोखंड चघळल्यासारखं व्हायचं. गोंदबाची लेक सरजा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती तेच पाणी प्यायची. तिचं पोर दूध उलटून टाकू लागलं. दिसामाशी वाढायचं ते दिसामाशी वाळू लागलं.

गोंदबा बुचकळ्यात पडला. त्याने काठावरच्या पिंपळाला दोष देऊन तो छाटला. पाणी तसंच. विहीर उपसून गाळ काढला. पाणी तसंच. कुणी म्हणालं दृष्ट लागली, म्हणून मीठमोहऱ्या उतरून विहिरीत टाकल्या, तर पाणी वर खारटही झालं. रोज तो जमिनीला कान लावायचा. झरा तोच, चालही तीच. मग ही चव आली कुठून? लोक येऊन विचारायचे आणि हा आपला डोकं खाजवत बसायचा. म्हातारपणी आपल्या विद्येनेच दगा द्यावा, याचं त्याला फार वाईट वाटे.

असाच भटकत तो रंगारआळीत गेला. तिथे येसाबाई रंगारीण लुगडी काळी रंगवून उरलेलं हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं, पाणी एका कोरड्या विहिरीत ओतत होती. ही विहीर मेलेली आहे, असं पूर्वी गोंदबानेच सांगितलं होतं. मेलेल्या विहिरीत काहीही टाकावं, अशी तेव्हाची समजूत.

"किती वर्सं वततीस गं हितं?" त्याने विचारलं.

"चार झाली, बाबा. रोजच्या पन्नास घागरी. लई गुणाचा खड्डा, कवा भरतच न्हाई बघा."

गोंदबा काठावरून आत वाकला. "मग जातं कुटं?" तो म्हणाला. "आन् येशीच्या हिरीत गेलं म्हणावं, तर काळा रंग कुटं ऱ्हायला?"

तो म्हणाला, "बघूनच येतो."

कमरेला दोर बांधून तो उतरला. खड्डा जेमतेम वीस हात खोल, पण शंभर हात दोर गेला, दोनशे हात गेला, आळीतले सगळे दोर गाठी मारून जोडले तरी खालून ओढ चालूच. मग दोर सैल पडला. त्याच घटकेला वेशीच्या विहिरीवर पाण्याला आलेल्या सरजाला तळातून वर येणारं पागोटं दिसलं. ते तिच्या बापाचं होतं. पांढऱ्याचं काळं झालं होतं आणि भोवतीचं पाणी स्वच्छ होतं.

रंग मातीने ठेवून घेतला आणि लोखंडाचा कस तेवढा पुढे सोडला, असं म्हातारी माणसं म्हणतात. मग पागोटं काळं कसं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

गोंदबा कुठल्याच विहिरीत सापडला नाही. येसाबाईने रडत रडत स्वतःच्या हातांनी पहिली पाटी माती खड्ड्यात टाकली. सरजा दुसऱ्या विहिरीचं पाणी पिऊ लागली आणि पोर जगलं. वेशीची विहीर गोड व्हायला मात्र बारा वर्षं लागली.

आजही हिरवडात कुणी सांडपाण्याचा खड्डा केला, की आधी तो चांगल्या पाण्याने काठोकाठ भरतात आणि गोंदबाचं नाव घेऊन दिवस मावळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात. पाणी बोटभर जरी उतरलं तरी "गोंदबा निघाला" म्हणतात आणि खड्डा लगेच बुजवतात. तो कुठे निघेल, हे बघायला कुणी थांबत नाही.