दारातला पालथा हंडा

हंड्याला हात लावू नका, पाहुणे. फोटो खुशाल काढा, पण तो जसा पालथा आहे तसाच राहू द्या. मिसिसिपीतल्या आमच्या या चर्चच्या दारात तो दीडशे वर्षं असाच आहे. मी व्हर्नेल. इथली झाडलोट करते, म्हणून आल्यागेल्याला त्याची गोष्ट सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे.

हा कपडे उकळायचा हंडा. गुलामगिरीच्या काळात समोरच्या कापसाच्या मळ्यावर केझाया नावाची गुलाम बाई धुणं धुवायची, असं सांगतात. गुलामांनी एकत्र जमायला मनाई होती. सापडले तर चाबूक. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, फीबीला, मालकानं विकलं. सोमवारी तिला नेणार होते. रविवारी दुपारी सगळे दलदलीमागच्या झाडीत तिचा निरोप घ्यायला जमले. केझायानं हंडा डोक्यावरून आणला आणि मधोमध पालथा घातला. म्हणाली, "रडायचं ते याच्याकडे तोंड करून रडा." सगळ्यांचा आवाज म्हणे हंड्यानं गिळला. मुकादम घोड्यावरून दहा पावलांवरून गेला, त्याला काही ऐकू आलं नाही. जमलेली माणसं वाचली. फीबीला मात्र सोमवारी नेलंच. तिच्यामागे केझायानं हाक मारली, तीही हंड्यातच.

पुढे गुलामगिरी संपली. लोकांनी हे चर्च बांधलं आणि पहिल्याच प्रार्थनेला हंडा सुलटा केला. आता कोणाला भ्यायचं? त्यातून आधी गाणी निघाली, मग रडणं, आणि शेवटी ती फीबीला मारलेली हाक. नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या घरांपर्यंत गेली म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी येऊन चर्च जाळलं. तुमचा आवाज फार वाढलाय, एवढंच कारण सांगितलं. राखेत हंडा तेवढा उरला. चर्च पुन्हा बांधलं, तेव्हा म्हाताऱ्या केझायानं तो दारात आपल्या हातानं पुन्हा पालथा घातला. म्हणाली, "आपला आवाज ऐकून कोणी काडी घेऊन येणार नाही, त्या दिवशी सुलटा करा."

त्यावरूनच पुढे इथली रीत पडली. मुलगा गाडी चालवायला शिकला की आई त्याला इथे आणते. पोलिसांनी अडवल्यावर आम्हा काळ्यांनी जे बोलायचं नाही, ते सगळं तो हंड्याकडे वाकून बोलून टाकतो. मग आई बजावते: हात स्टिअरिंगवर, आवाज खाली, प्रत्येक वाक्याला 'सर'. माझा लामार पाऊण तास वाकून बसला होता. पोटात बरंच साठलं होतं पोराच्या.

दोन वर्षांनी त्याला अडवलं, गाडीचा मागचा दिवा लागत नव्हता म्हणून. तो घरी आलाच नाही. पोलिसांच्या अहवालात लिहिलं होतं, त्यानं आवाज चढवला. माझ्या लामारनं. जेवताना मीठ मागायचा तेसुद्धा शेजारच्याला ऐकू जायचं नाही.

आजही दर वर्षी मुक्तिदिनाला तरुण मंडळी विचारतात, यंदा हंडा सुलटा करायचा का? आजही मी नाही म्हणते. म्हातारी भित्री आहे, असं त्यांना वाटतं. आहेच मी भित्री. लामारला पुरून मी सरळ इथेच आले होते. माझीही हाक आता या हंड्यात आहे, आणि माझा धाकटा रोज याच रस्त्यानं गाडी घेऊन कामाला जातो.