खाडीपलीकडचं घर

बिस्किटांच्या कारखान्यात पेन्शनसाठी नवे फंड आले. पॅकिंगमधल्या वासंती भुवडला एकच आस होती. निवृत्त व्हायचं, होडीनं खाडी ओलांडायची आणि बहिणीशेजारी दोन खोल्या बांधायच्या.

फंड विकणाऱ्या साहेबांनी एक चढता आलेख नाचवला.

"यात पैसे बुडू शकतात का?" तिनं विचारलं.

"एवढं घाबरून कसं चालेल, बाई? मी आहे ना तुमच्या पाठीशी."

"पाठीशी नको साहेब, होडीत बसा. तुमचं कमिशन याच फंडात ठेवा. मी निवृत्त झाले की दोघं मिळून काढू."

साहेबांनी आलेख मिटला आणि गुपचूप सुरक्षित फंडाचा कागद पुढे सरकवला.

संध्याकाळी वासंतीनं बहिणीला फोन लावला. "माझी जागा आहे ना गं अजून?"

"रोज झाडते मी ती."