तिरप्या चालीची तारका

सूर्याचा जन्मही झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका भल्यामोठ्या आकाशगंगेत केशरी नावाची बारकीशी तारका होती. तिथले सगळे तारे सपाट चकतीत गोल गोल फिरायचे. केशरी मात्र खालून यायची आणि त्यांच्यामधून तिरपी वर निघून जायची.

"सरळ चालायला कुणी शिकवलं नाही का गं तुला?" तारे हसायचे. केशरीने वळायची खूप धडपड केली, पण चाल काही बदलेना. आपल्यातच खोट आहे, असं तिला वाटू लागलं.

एकदा पिंगळ नावाचा म्हातारा तारा तसाच तिरपा जाताना तिला दिसला.

"काका, तुम्ही माझ्याच गोतातले का हो?"

"नुसत्या चालीवरून कसं सांगू? ताऱ्याच्या जन्मगावची खूण त्याच्या पोटात असते. तुझ्या पोटात लोखंड किती?"

"चिमूटभर. इथल्यांच्या मानाने काहीच नाही."

"आणि मॅग्नेशियम?"

"तेही बेताचंच."

पिंगळचा उजेड थरथरला. "माझ्याही पोटात नेमकं तेवढंच आहे. पोरी, आपली एक छोटी आकाशगंगा होती. या मोठीने तिला ओढून घेतलं आणि ती विस्कटली. आपण तिथले."

"मग बाकीचे कुठे गेले?"

"कुणी पुढे, कुणी मागे. चालतायत."

आजवर केशरी फक्त शेजाऱ्यांकडे बघत आली होती. आता तिने प्रथमच आपल्या वाटेवर लांबवर नजर टाकली. तिथे एक फिकट तारका तिरपी चढता चढता वळायला धडपडत होती.

"अगं, वळू नकोस!" केशरी ओरडली. "तशीच चल, मी मागून येतेय!"