चौदाव्या वर्षीचा जबडा

“म्हणजे तो इम्प्लांट काही केल्या हलत नाही?” केदारगिरी बुवांनी विचारलं.

“नाही हलत,” डॉक्टर गद्रे म्हणाले. “तेच तर त्याचं मोल.”

मठातलं दाततपासणीचं शिबिर नुकतंच आटोपलं होतं. तारा लावून वाकडे दात सरळ करण्यात गद्र्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, असं लोक म्हणत; गद्र्यांनाही ते केव्हाच पटलेलं होतं. बुवांच्या हातात त्यांनी प्लॅस्टरचा एक जबडा दिला होता. त्यात पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती.

“दाताला दात बांधून ओढला, तर दोघंही एकमेकांकडे सरकतात. इम्प्लांटचं तसं नाही. धातूचा स्क्रू तो, त्यावर खोटा दात बसवायचा; हाडातच घट्ट रुजतो. त्याला तार बांधली की तो जागेवर राहतो. यायचं ते बाकीच्यांनी.”

“आणि दात कसा सरकतो?”

“त्याच्या मुळाभोवती मऊ पापुद्रा असतो. इम्प्लांटला तो नसतो.”

“असं होय...”

बुवा रिकाम्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

“हा जबडा कुणाचा?”

गद्रे अडखळले. “माझ्या मुलीचा. मुग्धाचा. चौदाव्या वर्षीचा.”

“पोर कुठं असते?”

“बडोद्याला. पंचवीस वर्षांची झाली आता.”

“आणि ही रिकामी जागा?”

“तो दात तिला आलाच नव्हता. तारा लावून मी जागा केली. वाढ पुरी होईपर्यंत थांबायला हवं होतं. पण शाळेचं स्नेहसंमेलन आलं, आणि मला वाटलं, मी बसवतोय ना, मग काय होतंय? बसवला इम्प्लांट.”

“मग?”

“ती वाढली. बाजूचे दात खाली आले. तो वरच राहिला. हसताना तोंडावर हात धरते.”

“तारेनं ओढायचा.”

“कुठलाही दात ओढीन, बुवा. तो नाही ओढता येत.”

हा जबडा गद्रे प्रत्येक शिबिरात नेत. लोकांना दाखवायला, असं सांगत. खरं म्हणजे लेकीचं हसू त्यांच्यापाशी एवढंच उरलं होतं.

“तीन वर्षांपूर्वी म्हणाली, ‘बाबा, चूक झाली एवढं म्हणा.’ मी तिला शास्त्र समजावत बसलो. त्यानंतर ती आली नाही.”

“तुम्ही गेलात?”

“मी जाऊन काय करू? साधनं सगळी माझ्या दवाखान्यात. नवा दात करून देतो म्हटलंय. मी आहे तिथंच आहे. तिनं यावं... यावं हो तिनं. एकदा तरी हात न धरता हसावं माझ्यासमोर.”

जबडा घेऊन बुवा उठले आणि अंगण ओलांडून पलीकडच्या पारावर जाऊन बसले.

गद्र्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

“बुवा, तो जबडा...”

“हा घ्या.” बुवांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला.

गद्रे थांबले. आणून देतील, असं त्यांना वाटलं. बुवांचा हात तसाच पुढे होता.

शेवटी गुडघ्यावर हात टेकत गद्रे उठले. उन्हानं फरशी तापली होती. अनवाणी, पाय भाजत ते पारापाशी गेले आणि दोन्ही हातांत त्यांनी तो जबडा घेतला.

बुवा त्यांच्या पायांकडे बघत होते.

“उठता येतं की तुम्हाला.”