उष्टं पाणी

खूप मागं, आपल्या आज्याच्या आज्यालाही आठवत नसेल अशा काळी, एका राज्यात एका नदीकाठी दोन गावं होती. एक वर, एक खाली. त्या राज्यात पाण्याचा पहिला हक्क वरच्या गावाचा.

वरच्या गावच्या पाटलानं नदीवर एक मोठं लाकडी चाक बसवलं होतं. पाणी पात्यांवर पडायचं, चाक फिरायचं. चाकाबरोबर गावाचं जातं फिरायचं, तेलाचा घाणा फिरायचा. बैल थकतो बाळांनो, आणि लाकूड एकदा जळलं की राख. पाणी मात्र आपलं काम करून जसंच्या तसं पुढं जायचं.

पाटलाची धाकटी बहीण येसू खालच्या गावात दिलेली. घर मोठं, खाणारी तोंडं मोप. पहाटेपासून दळण. दळता दळता तिला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. वैद्य म्हणाला, "हिचं जातं थांबवा, नाहीतर हिचा श्वास थांबेल."

भाऊबीजेला येसूनं भावाला ओवाळलं. पाटील म्हणाला, "माग, काय हवं? लुगडं का पाटल्या?"

"पाणी दे, दादा. तुझं चाक फिरवून खाली येतं ना, ते. आम्हीपण एक चाक बसवू."

पाटील पोट धरून हसला. "अगं वेडे, ओवाळणीत उष्टं पाणी मागतेस? ने की सगळं!"

खाली चाक फिरू लागलं. येसूचं जातं कोपऱ्यात गेलं, तिच्या गालांवर रंग आला. खालचं गाव तेल काढू लागलं, ऊस गाळू लागलं. तीळ कुठून आणायचे? वरच्या गावातून. वरच्यांच्या पडीक रानातही पीक डोलू लागलं. दोन्हीकडच्या चुली दोन्ही वेळा पेटायला लागल्या.

पण माणसाचं मन, दुसरं काय. खालच्या घरांवर नवी कौलं दिसली आणि वरच्यांना आपला घास गोड लागेना.

"पाटील, नदी आपली आन् नशीब त्यांचं!" पारावर कुणी म्हणायचं.

"बहिणीला लुगडं द्यायचं असतं हो. तुम्ही तर गावाची लक्ष्मीच देऊन बसलात!"

टोमणा बोचला. पावसाळा ओसरताच पाटलानं आपल्या चाकाच्या खालच्या अंगाला दगडमातीचा बांध घातला. पाणी तुंबलं, फुगलं, माळावर पसरून वाया जाऊ लागलं. वाया गेलेलं चालेल, पण खाली जायला नको.

येसू वाटेत दम घेत घेत आली. "दादा, तुझं वापरून झालेलं पाणी रे ते. त्यात तुझं काय कमी होत होतं?"

"आमचं कमी होत नव्हतं गं," पाटील खाली बघत म्हणाला, "पण तुमचं वाढत होतं ना."

ती वळली. परत गेली.

इकडे थोड्याच दिवसांत वरचं चाकही रेंगाळू लागलं, आणि एका सकाळी थांबलंच. आसाला एरंडेल घातलं, पाती बदलली, नारळ फोडला. चाक हलेना. "खालच्यांनी करणी केली," असं जो तो म्हणू लागला.

तिकडे दिवाळी तोंडावर आलेली. येसू पुन्हा जात्यावर बसली. भावाचं नाव घेऊन ओवी म्हणायची, आणि धाप लागून ओवी अर्धीच राहायची. वाईट शब्द तिनं त्याच्यासाठी एकही उच्चारला नाही.

भाऊबीज आली. पाटील अंघोळ करून पाटावर बसला. दिवस कलला तरी येसू येईना. मग तिचा दीर आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पाटील, वहिनी गेल्या. जात्यावरच. तुमच्यासाठी लाडू वळायचे म्हणून डाळ दळत होत्या."

पाटलानं कुदळ उचलली आणि तो बांधावर गेला. एकटाच दगड उपटू लागला. "घे येसू, तुझी ओवाळणी घे." हात रक्ताळले, बांध फुटला, पाणी धावत खाली निघालं.

आणि त्याच्या पाठीमागं करकर आवाज झाला.

त्यानं वळून पाहिलं. तुंबलेलं पाणी उतरलं होतं आणि त्याचं स्वतःचं चाक फिरू लागलं होतं.

करणी कुणाचीच नव्हती. पुढची वाट बंद झाल्यावर तेच पाणी मागं चढून चाकाची पाती धरून बसलं होतं. पाटील चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढं त्यानं आणखी खालच्या गावांनाही निरोप धाडले, सुतार धाडले. नदीभर चाकं झाली, त्या पाण्यावर सारं राज्य वर आलं. कुठल्याच बाईच्या हाताला जात्याचा घट्टा उरला नाही. पण दर भाऊबीजेला पाटील पाट मांडून बसायचा, आणि संध्याकाळी स्वतःच उचलून ठेवायचा.

म्हणून सांगतो, जे वापरून संपत नाही, ते दुसऱ्याला मिळू नये म्हणून अडवलं की आपल्याही हातचं जातं.