पाच हजारांचं चित्र

गेलेल्या माणसांच्या वस्तूंची किंमत ठरवणं हा माझा धंदा. त्यासाठी जिवंत वकिलांचे उंबरे झिजवावे लागतात. मृत्युपत्रांचे नामांकित वकील राजाध्यक्ष यांनी माझं कार्ड चिमटीत धरलं आणि म्हणाले, "आधी एक काम करून दाखवा. आवडलं तर वर्षभर तुम्हालाच बोलावू."

समोर त्यांचे अशील निरंजन आणि त्यांची धाकटी बहीण हेमांगी बसली होती. वडिलांनी मागे एक जुनं तैलचित्र ठेवलं होतं. एकानं ते घ्यावं आणि दुसऱ्याला निम्मी किंमत द्यावी, असं मृत्युपत्रात होतं.

वकिलांनी मला बाहेर नेलं. "चित्र निरंजन घेणार आहेत. पाच हजार लिहा. तुमच्या आधीचा माणूस मी सांगेन तेच लिहायचा."

मी आत आलो. "वकीलसाहेब म्हणतात, चित्र पाच हजारांचं आहे. निरंजनराव, मान्य?"

"अगदी मान्य."

"मग हेमांगीताई, भावाला अडीच हजार द्या आणि चित्र घरी न्या."

निरंजन ताडकन उठले. "डोकं फिरलंय का? बारा लाखांचं गिऱ्हाईक थांबलंय माझ्याकडे!"

"लिहून घ्या, वकीलसाहेब," मी म्हणालो. "किंमत तुमच्या अशिलानंच ठरवली. माझी फी नको."

राजाध्यक्षांनी माझं कार्ड फाडून टोपलीत टाकलं. हेमांगी मात्र भावाकडेच बघत होती.

"चित्राची किंमत कळली, दादा," ती म्हणाली. "माझी किती लावली होतीस?"