तांबटणीची वाटी

अंबळगीची जुनी पेठ पाडायची, असं भैरोजीराव महाराजांनी एकदाचं ठरवून टाकलं. दक्षिणेकडच्या त्या चिमुकल्या संस्थानात महाराजांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती काढायला दुसरे महाराजच लागत, आणि दुसरे महाराज गावात नव्हते.

खरं तर पेठ ओस पडली ती त्यांच्यामुळेच. त्यांनी वाड्यासमोर नवा बाजार बांधला, व्यापारी तिकडे गेले आणि त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईकही गेलं. मग गावाच्या मधोमध पडलेली रिकामी पेठ महाराजांच्या डोळ्यांत खुपू लागली. कारभारी दाजीबांनी तिथं कमान उभारली, भिंती रंगवल्या, कंदील टांगले, दवंडी पिटून पेढे वाटले. लोक आले, त्यांनी पेढे खाल्ले, कमानीला हात पुसले आणि घरी गेले.

"पुढच्या मंगळवारी शेजारचे राजे येताहेत," महाराज पेठेत घोडा थांबवून दाजीबांना म्हणाले. "त्यांना काय ही झोपलेली कुत्री दाखवू? पाडा सगळं. घोडे फिरवायला मैदान करा."

हे ऐकलं सगुणा तांबटणीनं. सगळी पेठ उठून गेली, तरी भांडी घडवणारं तिचं एक दुकान तेवढं उरलं होतं. खाली दुकान, वर घर आणि घरात म्हातारे सासरे. जन्मभर हातोड्याच्या आवाजात बसून मामंजींना ऐकू कमी येई, पण पेठ गप्प झालेली त्यांनाही कळली होती. आता या वयात त्यांना घेऊन जायचं कुठं? सगुणेच्या जिभेला धार आली.

"महाराज, मंगळवारी पेठ भरलेली दिसली तर?"

"कशानं? परत पेढ्यांनी?"

"माणसांनी."

महाराज चिडले. "बरं, भरून दाखव. पण खजिन्यातून छदाम मिळणार नाही. दवंडी नाही. आणि कुणाला 'पेठेत या' म्हणायचं नाही. भरली, तर मागशील ते देईन. नाही भरली, तर बुधवारी पहिली कुदळ तुझ्या दुकानावर."

दाजीबा मिशीतल्या मिशीत हसले. सगुणेनं एकदा चौकातल्या चिंचेकडे पाहिलं. कुणी पाडत नव्हतं म्हणून झाड हिरव्या चिंचांनी नुसतं लगडलं होतं. मग तिनं दुकानातल्या फळीकडे पाहिलं. तिथं न खपलेल्या पितळी वाट्यांची चळत छताला टेकली होती.

सोमवारी तिनं चिंचा पाडल्या, मिरची, मीठ नि गूळ घालून झणझणीत ठेचा कुटला, कल्हई केलेल्या वाट्यांत भरला आणि डोक्यावर पाटी घेऊन ती गावभर हिंडली.

"काकू, आपल्या पेठेतल्या चिंचेचा ठेचा. चाखा तर खरं. वाटी तेवढी उद्या सकाळी लागेल हं."

बस्स, एवढंच. शेवटची वाटी तिनं वाड्याच्या मागच्या दारी राणीसाहेबांसाठी दिली आणि घरी येऊन पाय चेपत बसली.

आता अंबळगीत दुसऱ्याची वाटी रिकामी परत करणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं. मंगळवारी तांबडं फुटायच्या आत घरोघरी चुली पेटल्या. कुणी वाटीत अनारसे घातले, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी बेसनाचे लाडू. आणि जीव ओतून केलेली वस्तू मोलकरणीच्या हाती कोण पाठवतंय? ज्या त्या बाईनं चांगलं लुगडं नेसलं, सुनेला नि पोरांना बरोबर घेतलं आणि पेठेची वाट धरली.

सगुणेनं बंद दुकानांच्या फळ्यांवर वाट्या ओळीनं मांडल्या. "चाखल्याशिवाय कुणी जायचं नाही," तिनं दटावलं.

मग काय विचारता! "अगं, अनारशाला जाळी कशी पडली एवढी?" "बस इथं, सांगते." वर्ष वर्ष न भेटलेल्या नणंदा-भावजया भेटल्या, म्हातारे चिंचेखाली टेकले. तिकडे नव्या बाजारात व्यापारी माश्या मारत होते. पहिली भाजीवाली पाटी उचलून पेठेत आली, मग कासार आला, मग कापडवालाही आला. तो म्हणे नुसता बघायला आला होता, पण काखेत गठ्ठा होता.

पाहुण्यांना घेऊन येणारी महाराजांची बग्गी कमानीपाशीच अडकली.

"आज काय जत्रा आहे का?" पाहुणे राजे विचारू लागले.

दाजीबा पुढे सरसावले. "सरकार, हिनं अट मोडली. घरोघर जाऊन लोकांना बोलावलंन."

"मी वाट्या परत मागितल्या, दाजीबा. माणसं नव्हती मागितली."

"वाट्या आणायला माणसंच येणार ना?"

"वाट्या आपल्या आपण चालत आल्या असत्या, तर मी त्यांना नको म्हटलं असतं का?"

पाहुणे खो खो हसले. महाराजांनी मात्र हट्ट सोडला नाही. "आजचं झालं. उद्या सगळ्यांच्या वाट्या पोचलेल्या असतील, मग पुन्हा कुत्रीच झोपायची ना इथं?"

"सगळ्यांच्या कुठं पोचल्या, महाराज? एक वाड्यावर राहिलीय. काल राणीसाहेबांना ठेचा दिला होता. मुदपाकखान्यातली माणसं म्हणतात, वाटी महाराजांनीच बोटानं पुसून खाल्ली."

महाराज मिशा चाचपत दुसरीकडे बघू लागले.

"आणि रिकामी तर तुम्ही परत देणार नाही," सगुणा म्हणाली.

आता महाराजांनाही हसू आवरेना. त्यांनी वाड्यावरून वाटी मागवली. "बोल, काय घालू? मोहरा?"

"मोहरा माझ्या घरात राहतील. पेठेला काय उपयोग? दर मंगळवारचा बाजार इथंच, या चिंचेखाली भरेल, असा हुकूम घाला."

महाराजांनी बग्गीतच कागद लिहिला, शिक्का मारला आणि घडी करून वाटीत ठेवला. "आणि यापुढे वाड्यातली झाडून सगळी भांडी तुझ्या दुकानातून."

सगुणेनं कागद कनवटीला लावला. आत जाऊन तीच वाटी ठेच्यानं काठोकाठ भरून आणली आणि बग्गीत महाराजांच्या हातात दिली.

"पुढच्या मंगळवारी वाटी लागेल हं, महाराज."

महाराज इतके हसले, की घोडे दचकले. आणि पुढच्या मंगळवारी जिलबीनं भरलेली वाटी घेऊन ते स्वतः पेठेत आले, चक्क पायी.